ससाण्याचे घर : ‘टाकाऊतून टिकाऊ’चा एक जुना अध्याय

संक्रांत होऊन दोन-तीन दिवस झाले होते. आमच्या महाविद्यालयाच्या आवारातील पर्जन्यवृक्षाच्या फांदीवर मांजात अडकलेला एक शिकरा शिपायांनी शिडी लावून खाली उतरवला. एका पंखाला दोऱ्याने कापले होते, पण पक्षी जिवंत होता आणि त्याच्या पिवळ्या-केशरी डोळ्यांत भीतीपेक्षा रागच अधिक दिसत होता. वनखात्याला दूरध्वनी केला; माणूस यायला संध्याकाळ होईल असे उत्तर मिळाले. तोवर त्याला ठेवायचे कुठे? कर्मचारी निवासातील एकाकडे लव्हबर्ड्सचा रिकामा पिंजरा होता. तारेचा, रंगवलेला, हवेशीर. आम्ही शिकऱ्याला त्यात ठेवले, पाण्याची वाटी ठेवली आणि एक चांगले काम केल्याच्या समाधानात तासावर गेलो.

संध्याकाळी परतलो तेव्हा पिंजऱ्याच्या तळाशी पिसांचे तुकडे पडलेले होते. तारांवर पुन्हा पुन्हा झेपावून त्याने कपाळ सोलून घेतले होते, चोचीच्या मुळाशी रक्त आले होते आणि शेपटीची पिसे मधूनच मोडली होती. मांजाने जेवढी इजा केली होती त्याहून अधिक आमच्या पिंजऱ्याने केली होती. वनखात्याबरोबर काम करणारा जो तरुण आला, त्याने आम्हांला बोल लावला नाही. त्याने एवढेच विचारले, ‘‘सर, एखादा रिकामा खोका नाही का?’’ परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे पुठ्ठ्याचे खोके ढिगाने पडलेले होते. त्याने त्यांतला एक घेतला, पेनाने बाजूंना भोके पाडली, तळाशी जुना टॉवेल अंथरला आणि अंधारात पक्षी क्षणात शांत झाला. पंख बरा होईल, पण शेपटीला वेळ लागेल, असे तो जाताना म्हणाला. मोडलेले पीस वाढत नाही; पक्षी ते पीस टाकून नवे घेईपर्यंत थांबावे लागते.

पुढे वाचत गेलो तसे लक्षात आले की या थांबण्यासाठीच माणसाने एकेकाळी एक घर बांधले होते, त्या घराला एक नाव होते आणि ते नाव इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांखालून अनेकदा गेलेले आहे. ते नाव म्हणजे ‘म्यूज’.

*

लंडनमध्ये ‘म्यूज’ नावाच्या शेकडो गल्ल्या आहेत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत श्रीमंतांच्या घरांमागे घोडे आणि बग्ग्या ठेवण्यासाठी, वर सईस-कोचमनांना राहण्यासाठी ज्या इमारती बांधल्या, त्यांच्या ओळीला म्यूज म्हणत. पुढे मोटारी आल्या, तबेल्यांची गॅरेजे झाली. नंतर गॅरेजांची घरे झाली आणि आज ती घरे लंडनमधील महागड्या घरांत मोजली जातात. पण या शब्दाचा घोड्याशी मुळात संबंध नाही. तो फ्रेंचमधून आला. मागे जाता लॅटिनमधील ‘बदलणे’ या अर्थाच्या धातूपर्यंत पोहोचतो. शिकारी पक्षी वसंत-उन्हाळ्यात जुनी पिसे टाकतात, नवी घेतात. या काळात त्यांना उडवत नसत. त्यांना शांत, मंद उजेडाच्या घरात मोकळे सोडून पोटभर खाऊ घालत. ते पीस पालटण्याचे घर म्हणजे म्यू, आणि अनेकवचनी म्यूज.

इंग्लंडच्या राजाचे असे घर चौदाव्या शतकात चेरिंग क्रॉसला होते. सोळाव्या शतकात, आठव्या हेन्रीच्या काळात, त्या जागी राजाचे घोडे आले. पक्षी गेले, नाव मात्र राहिले. १७३२ मध्ये विल्यम केंटने तेथे नवी अश्वशाळा बांधली. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात घोडे बकिंगहॅम राजवाड्याजवळ गेले आणि जाताना नावही सोबत घेऊन गेले. जुन्या जागेवर १८३२ ते १८३८ या काळात नॅशनल गॅलरी उभी राहिली. आज ट्रॅफल्गार चौकात चित्रे पाहायला जाणारा माणूस एकेकाळच्या ससाण्यांच्या घरावरून चालत असतो.

शब्द आपल्या वस्तूपेक्षा अधिक जगतो हे मराठी वाचकाला सांगायला नको. पुण्यातील फरासखान्यात आता तंबू आणि गालिचे नाहीत, पोलीस आहेत. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत शिकारखाना आहे. त्या नावापुढे उभे राहून आत काय होते याची कल्पनाच करावी लागते. पक्ष्यांच्या नावांचेही तसेच. ‘ससाणा’ हा शब्द संस्कृतातील ‘शशादन’, म्हणजे सशाला खाणारा, या शब्दाशी जोडला जातो. ‘बहिरी ससाणा’ ऐकला की आपल्या मनात ऐकू न येणारा पक्षी उभा राहतो. वास्तविक ते ‘बहरी’ आहे आणि त्याचा संबंध समुद्राशी आहे. ‘अड्डा’ म्हटले की आज जुगाराचा किंवा गुंडांचा अड्डा आठवतो. पण पाळलेला पक्षी बसवण्याची आडवी दांडी हाही त्या शब्दाचा अर्थ आहे. पक्षी उडून गेला आणि दांडीवर माणसे येऊन बसली, असेच म्हणायचे.

*

चेरिंग क्रॉसच्या या घराशी एका कवीचे नाव सरकारी कामाने जोडलेले आहे. जुलै १३८९ मध्ये दुसऱ्या रिचर्डने जेफ्री चॉसरला राजाच्या बांधकामांचा लेखनिक म्हणून नेमले. वेस्टमिन्स्टरचा राजवाडा, टॉवर ऑफ लंडन अशा मोठ्या वास्तूंबरोबर चेरिंग क्रॉस येथील ससाण्यांचे घरही त्याच्या देखरेखीखाली होते. दगड, चुना, लाकूड, शिसे, सुतार-गवंड्यांची मजुरी, साहित्याची चोरी होऊ न देणे, उरलेले साहित्य मोजून ठेवणे, अशा स्वरूपाचे ते काम. १३९० मध्ये चॉसरला वाटेत लुटारूंनी लुटले आणि १३९१ च्या जूनमध्ये त्याने ते पद सोडले. सुमारे दोन वर्षे इंग्रजी कवितेचा हा आद्य पुरुष पक्ष्यांच्या छपराची काळजी वाहत होता.

हे माहीत झाल्यावर ‘कँटरबरी टेल्स’मधील स्क्वायरची कथा वेगळ्या रीतीने वाचली जाते. ही कथा अपुरी आहे. अभ्यासक्रमात ती फारशी लागत नाही आणि लागली तरी जादूचा घोडा, आरसा आणि अंगठी यांच्यावरच भर दिला जातो. पण तिच्या उपलब्ध भागाचे हृदय दुसरीकडे आहे. राजकन्या कॅनसी पहाटे फिरायला जाते. एका वाळलेल्या झाडावर बसलेली ससाण्याची मादी आक्रोश करत असते. प्रियकराने फसवले म्हणून तिने स्वतःलाच चोचीने रक्तबंबाळ केलेले असते. अंगठीच्या प्रभावाने कॅनसीला तिची भाषा कळते. ती तिला घरी आणते, वनस्पतींचे लेप लावते आणि आपल्या उशाशी तिच्यासाठी एक म्यू बनवते. आतून निळे मखमल, बाहेरून हिरवा रंग आणि त्यावर दगाबाज पक्ष्यांची चित्रे. निळा रंग निष्ठेचा, म्हणून तो आत, कपट बाहेर.

या घराचे रूपक टीकाकारांनी पुष्कळ उलगडले आहे. आम्हांला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. राजाच्या घरात शेकडो वर्षे चालत आलेली पक्ष्यांची व्यवस्था असताना ही मुलगी जखमी पक्ष्याला तिकडे पाठवत नाही. ती आपल्या निजण्याच्या खोलीत, हाताशी जे आहे त्यातून, नवी जागा तयार करते. मखमल हे तिच्या हाताशी असलेले कापड. आमच्या हाताशी उत्तरपत्रिकांचा खोका होता. तिला ते सुचले, आम्हांला कोणीतरी सांगावे लागले, इतकाच फरक.

चॉसर मात्र भाबडा नाही. त्याच कथेत ती पक्षीण पिंजऱ्यातील पक्ष्यांचा दाखला देते. रेशमासारखे गवत अंथरा, साखर-मध-दूध द्या, दार उघडे सापडले की पक्षी ते भांडे लाथाडून रानात किडे खायला निघून जातो. हा दाखला बोएथियसचा. चॉसरने त्याचा ग्रंथ स्वतः भाषांतरित केलेला होता. निष्ठा न पाळणाऱ्या प्रियकराबद्दल तो येथे येतो खरा, पण बोलणारी स्वतः पक्षीण आहे आणि थोड्याच वेळात तिला एका सुंदर घरात ठेवले जाणार आहे. घर म्हणजे आसरा की कैद, हा प्रश्न त्या कथेत असा न सुटता राहतो. कथाच पुढे लिहिली गेली नाही.

*

शिकारी पक्ष्यांचे ग्रंथ राजेलोकांनी लिहिले किंवा लिहवून घेतले. पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक (११९४–१२५०) याचा लॅटिन ग्रंथ त्यांत सर्वांत प्रसिद्ध. पाहिल्याशिवाय मानायचे नाही, प्रत्यक्ष ॲरिस्टॉटलचेही नाही, ही त्याची वृत्ती. पिल्ले वाढवण्यासाठी उंचावरची, माणसांपासून दूर असलेली, मोकळ्या दृष्टीची जागा असावी, तेथे त्यांच्या नैसर्गिक घरट्यासारखी रचना करावी, असे तो सांगतो. पुढे याचाच संबंध विसाव्या शतकाशी येणार आहे, म्हणून हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ (सुमारे ११२९) मराठीच्या अभ्यासकांना ठाऊक असतो तो त्यातील संगीतविषयक भागात आलेल्या जुन्या मराठीच्या नमुन्यांमुळे. त्याच ग्रंथात ‘श्येनविनोद’ हे प्रकरण आहे, हे आपण वर्गात बहुधा सांगत नाही. कूर्माचलाचा म्हणजे कुमाऊँचा राजा रुद्रदेव याचे ‘श्यैनिकशास्त्र’ तर संपूर्णपणे याच विषयावर आहे. हरप्रसाद शास्त्री यांनी ते १९१० मध्ये कलकत्त्याहून संपादून प्रसिद्ध केले. सात अध्यायांच्या या ग्रंथात पक्ष्यांची पारख, शिकवण, ऋतुमानाप्रमाणे निगा आणि औषधोपचार अशी व्यवस्था आहे. मृगया हे व्यसन असले तरी त्यात रस आहे, असे समर्थनही आहे. पक्ष्याची निगा हा शास्त्राचा विषय होऊ शकतो, त्याच्या उन्हा-पावसाचा विचार श्लोकबद्ध करण्याजोगा असतो, ही जाण या परंपरेत होती.

मात्र या साऱ्या ग्रंथांत एक माणूस क्वचितच दिसतो : ज्याने ते घर झाडले, ज्याने विष्ठेचा रंग पाहून आजार ओळखला, फाटलेला पडदा जुन्या गोणपाटाने शिवला तो. कारखान्याचा हिशेब राहतो, कारागिराचे शहाणपण राहत नाही. टाकून दिलेल्या वस्तूंमधून पक्ष्याला सुरक्षित जागा करून देण्याची विद्या अशीच तोंडातोंडी, हातोहाती चालत आली. तिचे शास्त्र कोणी लिहिले नाही. ती दिसते ती कथा-कादंबरीत, आणि तीही विसाव्या शतकात, जेव्हा ही कला राजवाड्यातून परसात उतरली तेव्हा.

*

परसाची गोष्ट म्हणजे अर्थातच बॅरी हाइन्सची ‘अ केस्ट्रेल फॉर अ नेव्ह’ (१९६८) ही कादंबरी आणि केन लोचने १९६९ मध्ये काढलेला तिचा ‘केस’ हा चित्रपट. यॉर्कशरमधील कोळसाखाणींच्या गावात राहणारा बिली कॅस्पर. बाप घर सोडून गेलेला, आई आपल्यात गुंतलेली, थोरला भाऊ जड खाणीत जाणारा आणि हात उगारणारा. शाळेच्या दृष्टीने बिली वाया गेलेला. मुलगा एका पडक्या मठाच्या भिंतीतून केस्ट्रेलचे पिल्लू काढून आणतो, दुकानातून चोरलेल्या पुस्तकावरून ते वाढवायला शिकतो आणि परसातील शेडला त्याचे घर बनवतो. दाराच्या झरोक्याला उभ्या पट्ट्या, आत स्वच्छ केलेली जमीन, बसायला अड्डा. शीर्षक पंधराव्या शतकातील एका परंपरेतून आले आहे. कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणता पक्षी बाळगावा याची जी उतरंड ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’ (१४८६) सारख्या ग्रंथांनी लावली, तिच्यात सम्राटाला गरुड आणि तळाशी नोकर-पोरासाठी केस्ट्रेल. हाइन्सने ती उतरंडच उलटी वाचली.

येथे आपल्या विषयाच्या दृष्टीने एक नेमकी गोष्ट आहे. बिलीने केलेले घर चांगले आहे. उभ्या पट्ट्यांमुळे पक्ष्याची पिसे मोडत नाहीत, वारा खेळतो, मांजर-कुत्रे आत येत नाहीत. बाहेरच्या जगापासून ते सुरक्षित आहे. पण ते घराच्या माणसापासून सुरक्षित नाही. घोड्यांच्या शर्यतीवर लावायला दिलेले पैसे बिलीने लावले नाहीत, घोडे मात्र जिंकले, आणि त्या रागात जड पक्षी मारून कचऱ्याच्या डब्यात टाकतो. पट्ट्या, खिळे, कडी सारे जागच्या जागी असते. अपयश साहित्याचे नसते, कुटुंबाचे असते; आणि त्या कुटुंबाला तसे घडवणाऱ्या व्यवस्थेचे. वर्गात आम्ही हा शेवट शिकवतो तेव्हा विद्यार्थी हटकून विचारतात, ‘‘त्याने कुलूप का लावले नाही?’’ प्रश्न भाबडा वाटतो, पण तो बरोबर आहे. आपल्याच घरात कुलूप लावावे लागेल, हे ज्याला लहानपणी कळते त्याचे लहानपण तिथेच संपते.

याच्या उलट उदाहरण टी. एच. व्हाइटचे. १९३६ मध्ये त्याने स्टो येथील शाळेची नोकरी सोडली, रानाजवळच्या एका झोपडीवजा घरात राहायला गेला आणि जर्मनीहून एक बाज मागवला. शिकवणीसाठी त्याच्याजवळ जुनी पुस्तके होती. त्यांतले एक तर १६१९ चे. पक्ष्याला जागवून थकवायचे ही जुनी पद्धत त्याने अवलंबिली आणि स्वतःही रात्री-रात्री जागला. मन, वेळ, जिद्द काहीही कमी नव्हते. पक्षी गेला तो एका सुतळीमुळे. पूर्वी तुटलेली, गाठ मारून पुन्हा वापरलेली सुतळी. पायांतल्या चामडी पट्ट्या तशाच घेऊन बाज रानात नाहीसा झाला. अशा पट्ट्या फांदीत अडकून पक्षी उलटा लटकतो आणि भुकेने मरतो. व्हाइटला ते माहीत होते आणि त्या जाणिवेने त्याला पुढे स्वस्थता लाभू दिली नाही. हा वृत्तान्त ‘द गॉसहॉक’ या नावाने १९५१ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी, प्रसिद्ध झाला. मधल्या काळात, १९३८ मध्ये, त्याची ‘द सोर्ड इन द स्टोन’ आली. तिच्यात लहानगा आर्थर मर्लिन पक्षी होऊन किल्ल्यातील म्यूजमध्ये एक रात्र काढतो आणि तेथे एक वेड लागलेला बाज असतो. स्वतःला जे घर धड उभारता आले नाही ते व्हाइटने कथेत उभारले. आणि त्यातही भय ठेवले.

बिलीच्या शेडचे लाकूड जुने होते आणि टिकले; व्हाइटची सुतळी जुनी होती आणि तुटली. जुने वापरण्यात गैर काही नाही. कोणती जुनी वस्तू भार घेऊ शकते आणि कोणती नाही, हे ओळखणे हीच खरी विद्या.

*

या विद्येचा तपशील आम्हांला प्रत्यक्ष पाहायला मिळाला तो त्या शिकऱ्यामुळे. वनखात्याच्या परवानगीने चालणाऱ्या ज्या केंद्रात त्याला नेले होते तेथे आम्ही फेब्रुवारीत गेलो. केंद्र म्हणजे एका शेतातील पाच-सहा खोल्या. पाडलेल्या वाड्याच्या चौकटी आणि दारे, बांबूच्या उभ्या कामट्या, शेडनेटचे तुकडे, गोणपाट, नदीतले गोटे. त्या तरुणाने एकेक वस्तू का निवडली आणि का नाकारली ते सांगितले. ते ऐकताना आमच्या ध्यानात आले की हे एक प्रकारचे पाठचिकित्साशास्त्र आहे : हाती आलेल्या प्रत्येक जुन्या गोष्टीचे मूळ काय, तिच्यावर काय संस्कार झाले, तिच्यात दडलेला दोष कोणता, हे तपासल्याशिवाय ती स्वीकारायची नाही.

रेल्वेचे जुने स्लीपर मजबूत असतात, पण त्यांत मुरवलेले क्रिओसोट विषारी. परदेशी मालाबरोबर येणाऱ्या लाकडी पॅलेटांवर शिक्का असतो. उष्णतेने निर्जंतुक केलेले घ्यायचे, मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेले टाळायचे. जुन्या दारांच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून रंग काढून, त्याचा भुगा घराबाहेर पडू न देता मगच वापर. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस. जस्ताचा मुलामा सुटू लागलेली जाळी पक्ष्याने चोचीत धरली की जस्त पोटात. तारेची जाळी आतून कधीच नाही. पक्षी तिच्यावर आदळतो, नखे अडकतात, पिसे तुटतात. उभ्या कामट्यांवर पाय टेकायला जागा मिळत नाही, म्हणून तो त्यांना लटकत नाही. गादी करायला कुजके गवत किंवा ओला पेंढा घालू नये. त्यातील बुरशीने फुप्फुसांचा जो रोग होतो तो या पक्ष्यांचा मोठा शत्रू. बसायची दांडी गुळगुळीत आणि एकाच जाडीची असेल तर तळपायावर सतत एकाच जागी भार येऊन फोड होतात व ते चिघळतात. म्हणून दांडीला कृत्रिम हिरवळीचा तुकडा गुंडाळायचा. जुन्या गालिच्याचा नाही, कारण त्याच्या धाग्यांच्या फाशांत नखे गुंततात. दार एक नाही, दोन. एक बंद झाल्याखेरीज दुसरे उघडायचे नाही.

यातले काहीही महाग नव्हते. आमचा पिंजरा मात्र विकत आणलेला होता.

*

आता विसाव्या शतकाची मोठी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखी कीटकनाशके शेतातून किड्यांत, किड्यांतून लहान पक्ष्यांत आणि तेथून बहिरी ससाण्याच्या शरीरात पोहोचली. अंड्यांची कवचे इतकी पातळ होऊ लागली की आईच्या वजनाने ती फुटत. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफने १९६७ मध्ये कवचांच्या या पातळपणाचा पुरावा मांडला. तोवर अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेला हा पक्षी घरटी करायचा थांबला होता. १९७० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील टॉम केड यांनी पेरेग्रिन फंड ही संस्था काढली. त्यांच्या मदतीला आले ते प्रामुख्याने ससाणे पाळणारे लोक. आपापले पाळलेले पक्षी त्यांनी प्रजननासाठी दिले. त्या पक्ष्यांसाठी कॉर्नेलमध्ये जे लांबलचक कोठार उभारले त्याला ‘पेरेग्रिन पॅलेस’ हे टोपणनाव पडले. अमेरिकेत १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली. ती नसती तर कोणतेही घर पुरे पडले नसते, हेही सांगितले पाहिजे.

पिंजऱ्यात जन्मलेली पिल्ले रानात सोडायची कशी? येथे फ्रेडरिकच्या काळापासूनची उंचावरच्या एकाकी घराची युक्ती कामाला आली. पिल्लांना उंचावरच्या पेटीत ठेवायचे, पुढे उभे गज, माणूस दिसू न देता आत अन्न टाकायचे. उडण्याच्या वयाला गज काढायचे आणि ती शिकार शिकेपर्यंत अन्न ठेवत राहायचे. शिकारीसाठी पक्षी कणखर करण्याची ही जुनी पद्धत आता त्याला माणसापासून सोडवण्यासाठी वापरली गेली. यासाठी उंच जागा मिळतील तशा घेतल्या. मेरीलंडमधील कॅरोल बेटावर तर एका जुन्या लष्करी मनोऱ्याचा उपयोग केला. तेथून १९७७ मध्ये सोडलेली स्कार्लेट नावाची मादी पुढच्या वर्षी बाल्टिमोरमधील एका गगनचुंबी इमारतीच्या ३३व्या मजल्याच्या कठड्यावर राहायला आली. ससाणा काड्यांचे घरटे विणत नाही. कपारीत माती खरवडून खळगा करतो किंवा डोमकावळ्यासारख्या पक्ष्याचे जुने घरटे घेतो. म्हणून कठड्यावर खडीने भरलेला एक ट्रे ठेवला गेला. तेवढे पुरले. तिने तेथे बंदिवासात जन्मलेली दुसऱ्यांची पिल्लेही आपली म्हणून वाढवली. पेरेग्रिन फंडाने एकूण चार हजारांहून अधिक ससाणे असे सोडले आणि १९९९ मध्ये हा पक्षी अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला.

राजांच्या करमणुकीसाठी जमलेली विद्या शेवटी पक्ष्याच्याच उपयोगी पडली, असे म्हणून हा इतिहास गोड करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. शतकानुशतके हजारो पक्षी घरट्यांतून आणि जाळ्यांतून काढले गेले, प्रवासात मेले, त्यांची नोंद नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही प्रथा जवळजवळ संपवली, आणि आमच्या मते ते योग्यच झाले. पण प्रथेबरोबर निगेचे ज्ञानही विस्मरणात गेले, हेही तितकेच खरे. मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोशा’त पक्ष्यांची नावे जमवली म्हणून ती वाचली. पक्षी सांभाळणाऱ्या हातांचे शब्द कोणी जमवले नाहीत. म्हणूनच सुशिक्षितांच्या एका आवारात, ग्रंथालयापासून शंभर पावलांवर, एक शिकरा तारेच्या पिंजऱ्यात गेला.

*

केंद्रातून निघताना त्या तरुणाने आम्हांला एक पाकीट दाखवले. आत आकाराप्रमाणे लावून ठेवलेली शिकऱ्याची पिसे होती. मागे त्या केंद्रात दगावलेल्या एका पक्ष्याची. मोडलेल्या पिसाच्या पोकळ दांडीत बांबूची बारीक तासलेली काडी बसवायची, तिच्यावर तसलेच, त्याच क्रमांकाचे पीस चढवायचे आणि गोंदाने सांधायचे. मग वर्षभर थांबावे लागत नाही. फ्रेडरिकच्या ग्रंथात ही युक्ती आहे, शेक्सपिअरने ‘रिचर्ड द सेकंड’मध्ये मोडक्या देशाला पंख सांधण्याची उपमा हिच्यावरून घेतली. ज्या राजाच्या ससाण्यांचे घर चॉसर सांभाळत होता, त्याच राजाचे हे नाटक. आम्ही ती ओळ अनेक वर्षे शिकवली होती, तळटीपेसह. सांधलेले पीस मात्र त्या दिवशी प्रथमच पाहिले. जोड कुठे आहे ते दाखवल्यावरच कळत होते. नव्या पिसांची वेळ येईल तेव्हा हे उसने पीस आपोआप गळून पडेल, असे तो म्हणाला.

मार्चमध्ये शिकरा सोडला. आम्हांला बोलावले नव्हते. त्याबद्दल विचारले तेव्हा उत्तर मिळाले की अशा वेळी माणसे जितकी कमी तितके बरे. ते आम्हांला पटले. आता परीक्षा विभागातून दर वर्षी डिसेंबरअखेर आम्ही दोन-तीन मजबूत खोके मागून घेतो, भोके पाडून, आत जुनी चादर घालून विभागाच्या कपाटावर ठेवतो. नवे विद्यार्थी विचारतात, यात काय आहे? काही नाही, असे आम्ही सांगतो, आणि ते तसेच रिकामे राहोत अशी इच्छा करतो.